डॉलरचं कर्ज, पेसोचं पाणी

जानेवारी १९९७. मनिला शहराच्या पाणीपुरवठ्याच्या निविदा उघडायला घेतल्या. रिंगणात चार गट होते. प्रत्येक गटात एक फिलिपिनो उद्योगघराणं आणि त्याच्या जोडीला एखादी बडी परदेशी पाणी कंपनी. त्या वेळी सरकारी पाण्याचा सरासरी दर घनमीटरला, म्हणजे हजार लिटरला, ८.७८ पेसो होता. या दराच्या खाली जो सगळ्यात जास्त उतरेल त्याला पंचवीस वर्षांचा मक्ता, असा हा उलटा लिलाव. शहराचे पूर्व आणि पश्चिम असे दोन विभाग पाडले होते. पूर्वेसाठी आयाला घराण्याच्या पाकिटातून आकडा निघाला २.३२ पेसो. चालू दराच्या जेमतेम पावपट. निविदा काढणारे अधिकारीसुद्धा चक्रावले.

पश्चिमेसाठीही आयालांचाच आकडा सगळ्यांत खाली होता, २.५१. पण दोन्ही विभाग एकाच्याच पदरात टाकायचे नाहीत हे आधीच ठरलं होतं. दोन मक्तेदार असले तर कोण बरं काम करतो ते ताडून बघता येईल, हा त्यामागचा विचार. त्यामुळे पश्चिम विभाग दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीला गेला. ती बोली लोपेझ घराण्याच्या बेनप्रेस कंपनीची आणि तिच्या फ्रेंच भागीदाराची, म्हणजे पुढे स्वेझ या नावाने ओळखल्या गेलेल्या कंपनीची होती. दर ४.९७ पेसो. एकाच शहरात एका बाजूला सव्वादोन पेसोचं पाणी, दुसऱ्या बाजूला पाच पेसोचं. पाणी मात्र एकाच धरणाचं.

आता गंमत बघा. ज्याने निम्म्या भावात पाणी द्यायचं कबूल केलं तो तरला. ज्याला दुप्पट भाव मिळाला तो सहा वर्षांत, आम्हाला वाचवा म्हणत, न्यायालयाच्या पायरीवर उभा राहिला. मनिलाच्या या प्रकरणावर ढिगाने लिहिलं गेलंय. खासगीकरण यशस्वी झालं म्हणणारे पूर्वेकडे बोट दाखवतात, फसलं म्हणणारे पश्चिमेकडे. दोघांचंही खरं आहे. पण दोन्ही बाजू नळाकडे बघत बसतात आणि कर्जाची वही कोणी उघडत नाही.

मनिलाचा नळ तसा जुना आणि खानदानी. फ्रान्सिस्को कारिएदो नावाचा एक धनिक स्पॅनिश माणूस १७४३ मध्ये वारला. जाण्यापूर्वी त्याने शहराला पाणी मिळावं म्हणून दहा हजार पेसो बाजूला काढून ठेवले. गरिबांना हे पाणी फुकट मिळावं अशी त्याची अट होती असं सांगतात. आपल्याकडे बारवा आणि पाणपोया बांधणाऱ्या दात्यांच्या कुळातलाच हा माणूस. ते पैसे व्यापारात फिरत, वाढत, अधूनमधून बुडता बुडता वाचत जवळजवळ दीड शतक तसेच राहिले. शेवटी १८८२ मध्ये मारिकिना नदीचं पाणी वर चढवून सान हुआनच्या भूमिगत टाकीत साठवलं गेलं आणि तिथून शहराच्या नळांना सोडलं गेलं. म्हणजे मनिलाची पहिली पाणीयोजना कर्जाने झाली नाही, दानाने झाली. नंतरच्या योजनांना असा दाता मिळाला नाही.

विसाव्या शतकात शहर सुटलं. १९६७ मध्ये उत्तरेला बुलाकान प्रांतात आंगाट धरण पूर्ण झालं. आजही महानगराच्या पाण्यातला सुमारे नव्वद टक्के वाटा या एकाच धरणाचा आहे. मार्कोस यांच्या काळात, १९७१ साली, पाणी आणि मलनिस्सारण सांभाळणारी सरकारी यंत्रणा नव्याने उभी झाली. तिचं नाव लांबलचक आहे, लोक एमडब्ल्यूएसएस म्हणतात. आपण तिला महामंडळच म्हणू. याच सुमारास, १९६६ मध्ये, आशियाई विकास बँक स्थापन झाली आणि तिने मुख्यालयासाठी शहर निवडलं तेही मनिलाच. म्हणजे धनको आणि ऋणको एकाच गावात राहायला. बँकेच्या इमारतीत येणारं पाणीसुद्धा याच महामंडळाचं.

महामंडळाने जागतिक बँकेकडून, आशियाई विकास बँकेकडून, जपानकडून कर्जं काढली. १९८९ मध्ये आंगाटच्या पाण्याचा पुरेपूर वापर व्हावा म्हणून आशियाई विकास बँकेने मोठं कर्ज दिलं. १९९५ मध्ये उमिराय नदीचं पाणी सुमारे तेरा किलोमीटरच्या बोगद्यातून आंगाटमध्ये आणण्यासाठी याच बँकेने आणखी ९ कोटी २० लाख डॉलर दिले. कर्ज देणाऱ्याला धरण आवडतं, बोगदा आवडतो. त्याचा आराखडा असतो, ठेकेदार असतो, उद्घाटनाचा दिवस असतो. गल्लीबोळातल्या साठ वर्षं जुन्या गंजक्या पाइपांचं उद्घाटन कोण करणार? त्यामुळे शहराच्या वेशीपर्यंत पाणी येत राहिलं आणि वेशीच्या आत गळत राहिलं. १९९० च्या दशकाच्या मध्याला परिस्थिती अशी होती की शुद्ध करून सोडलेल्या दर दहा लिटरांपैकी सहाच्या आसपास लिटरांचे पैसेच मिळत नव्हते. काही गळती, काही चोरी, काही बंद पडलेली मीटरं. पाणीखात्याच्या भाषेत हे बेहिशेबी पाणी. फुटक्या रांजणात ओतायला जास्त पाणी मिळावं म्हणून डॉलरमध्ये कर्ज काढायचं, असा तो व्यवहार होता.

एका गल्लीत शिरून बघा म्हणजे हे कळेल. तोंडो हा बंदराला लागून असलेला दाट वस्तीचा भाग. पाणी यायचं ते रात्री, तेही दाब नसलेलं. तोटी कमरेच्या उंचीवर असेल तर करंगळीएवढी धारही चढायची नाही, म्हणून नळ जमिनीलगत, कुठे तर खड्ड्यात उतरवलेला. ज्याला परवडे तो पंप थेट जलवाहिनीला जोडे. पंप पाणी ओढायला लागला की शेजाऱ्याची धार बंद, आणि पाइपाला चीर असेल तर बाजूच्या गटारातलं पाणीही त्याच ओढीने आत. मुंबई-ठाण्याच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. ज्यांच्याकडे नळच नव्हता, आणि असे लोक सेवाक्षेत्राच्या जवळजवळ एक तृतीयांश होते, ते ड्रमने पाणी विकत घ्यायचे. फेरीवाल्याचा भाव नळाच्या भावाच्या कितीतरी पट. आठ पेसोंचा सरकारी दर त्यांच्या दृष्टीने फक्त कागदावर होता.

१९९२ मध्ये फिदेल रामोस अध्यक्ष झाले तेव्हा देशात रोज आठ-आठ, दहा-दहा तास वीज जात होती. रामोस मूळचे लष्करी अधिकारी. त्यांनी संसदेकडून विशेष अधिकार मागून घेतले आणि खासगी वीजकंपन्यांशी झटपट करार केले. दिवे लागले. त्या कंपन्यांत एन्रॉनही होती. बतांगास आणि सुबिक इथे तिचे प्रकल्प उभे राहिले, त्याच वर्षांत इकडे दाभोळची बोलणी रंगात आली होती. डॉलरशी बांधलेला दर म्हणजे काय, वीज घेतली नाही तरी पैसे मोजायचे म्हणजे काय, हे महाराष्ट्राला पुढे चांगलंच कळलं. फिलिपिन्सलाही कळलं, पण त्याला अजून अवकाश होता. १९९५ मध्ये तरी विजेचा प्रयोग यशस्वी दिसत होता आणि रामोस यांनी तेच औषध पाण्याला लावायचं ठरवलं. जून १९९५ मध्ये राष्ट्रीय जलसंकट कायदा झाला.

सल्लागार म्हणून आली आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळ, आयएफसी. ही जागतिक बँक समूहातली खासगी उद्योगांना पैसा पुरवणारी शाखा. अर्जेंटिनातल्या ब्युनोस आयरेसने १९९३ मध्ये आपलं पाणी एका फ्रेंच कंपनीच्या पुढाकाराखालच्या गटाकडे दिलं होतं, त्याचा नमुना डोळ्यांसमोर होता. हा सगळा खटाटोप आतून बघणारे मार्क दुमोल हे सार्वजनिक बांधकाम मंत्र्यांच्या कार्यालयाचे प्रमुख होते. त्यांनी नंतर त्या दिवसांची रोजनिशीवजा हकिगत पुस्तकरूपाने लिहिली. जागतिक बँकेनेच ती छापली. सरकारी माणूस एवढ्या मोकळेपणाने क्वचितच लिहितो. त्यात एक गोष्ट उघड दिसते. निविदा यशस्वी व्हावी, भाव उतरलेला दिसावा, युनियनने संप करू नये, कोर्टाने स्थगिती देऊ नये, यावर या मंडळींनी जिवाचं रान केलं. त्यापूर्वी ऑगस्ट १९९६ मध्ये पाण्याचा दर ३८ टक्क्यांनी वाढवला गेला होता. ८.७८ चा आकडा या वाढीनंतरचा. आधी दर चढवून ठेवला की उतरलेली बोली आणखी खोल दिसते. दुकानदार सेलच्या आधी छापील किंमत वाढवतो तसंच काहीसं. हजारो कर्मचाऱ्यांना स्वेच्छानिवृत्ती देऊन घरी पाठवलं तेही याच काळात.

आता वहीकडे येऊ. महामंडळाच्या डोक्यावर सुमारे ८० कोटी डॉलरचं कर्ज होतं. मक्ता दिला तरी धरणं, पाइप, जमिनी सरकारच्याच राहणार होत्या आणि कर्जही सरकारच्याच नावावर. मात्र हप्ते फेडण्याएवढी रक्कम मक्तेदारांनी दरवर्षी मक्ताशुल्क म्हणून भरायची. या ओझ्याची वाटणी झाली ती अशी: पश्चिम विभागाने ९० टक्के उचलायचं, पूर्वेने १०. पश्चिमेकडे वस्ती जास्त, ग्राहक जास्त, पाइप जुने. पूर्वेकडे नवी जोडणी करायला वाव मोठा, म्हणून भांडवली खर्चही मोठा. ठरवणाऱ्यांना ही वाटणी समतोल वाटली असावी. एका डॉलरला सव्वीस पेसो हा भाव कायम राहिला असता तर कदाचित ती तशी ठरलीही असती.

करारावर सह्या झाल्या फेब्रुवारी १९९७ मध्ये. ताबा घ्यायचा दिवस १ ऑगस्ट. पश्चिमेच्या कंपनीने नाव घेतलं मायनिलाद. निलाद नावाचं झुडूप जिथे उगवतं ते मायनिला, अशी शहराच्या नावाची लोकप्रिय व्युत्पत्ती आहे, ती धरून. पूर्वेची झाली मनिला वॉटर. दरम्यान २ जुलैला थायलंडने बाथला वाऱ्यावर सोडलं. नऊ दिवसांनी, ११ जुलैला, फिलिपिन्सच्या मध्यवर्ती बँकेनेही पेसो मोकळा केला. सह्यांना आणखी पाच महिने थांबले असते तर चित्र वेगळं दिसलं असतं, पण त्या होऊन गेल्या होत्या. १ ऑगस्टला पाण्याचा ताबा घेतला गेला तेव्हा पेसो घसरणीला लागलेला होता.

एक कोटी डॉलरचा हप्ता धरा. बोली लावताना त्याचे २६ कोटी पेसो होत होते. १९९८ उजाडलं तेव्हा ४० कोटींच्या वर. २००१ मध्ये ५० कोटी. नळाला येणारं पाणी तेवढंच, तोंडोतल्या बाईच्या पाकिटात पेसो तेवढेच, पण टोकियोला आणि वॉशिंग्टनला जाणारा हप्ता दुप्पट. मायनिलादच्या अंगावर ९० टक्के हप्ते होते, मनिला वॉटरच्या अंगावर १०. यापुढची सगळी गोष्ट या दोन आकड्यांतून निघते असं म्हटलं तर थोडी अतिशयोक्ती होईल, पण थोडीच. परकीय चलनाचं नुकसान दरातून वसूल करायची सोय करारात होती. मात्र ती वसुली मक्त्याच्या उरलेल्या वर्षांवर पसरून, सावकाश करायची होती. मायनिलादला सावकाश परवडत नव्हतं.

त्यात निसर्गानेही हात धुऊन घेतले. १९९७-९८ चा एल निनो तिकडे फार कडक होता. आंगाटची पातळी उतरली आणि मनिलाच्या वाट्याचं पाणी कापलं गेलं. उमिरायचा बोगदा लांबला, तो २००० मध्ये सुरू झाला. मायनिलादच्या तक्रारींत या उशिराचा पाढा नेहमी असे. तरी एक काम त्यांनी मनापासून केलं. बायान तुबिग या योजनेखाली झोपडपट्ट्यांत नळजोडण्या दिल्या. जमिनीच्या मालकीचा कागद मागितला नाही, आणि खोदायला जागा नव्हती तिथे पाइप भिंतीवरूनच नेले. गल्लीच्या तोंडाशी एका भिंतीवर वीस-तीस मीटरं ओळीने लावलेली. प्रत्येक मीटरमधून एक बारीक प्लास्टिकची नळी निघते आणि बाकीच्या नळ्यांत गुंतत, वळणं घेत आपापल्या घरी जाते. भिंतीवर शेवयांचा पसारा वाळत घातलाय असं वाटावं. कोणती नळी कोणाची हे लहान पोरांनाही पाठ. यातल्या कित्येक घरांनी आयुष्यात पहिल्यांदा पाण्याचं बिल पाहिलं आणि ते फेरीवाल्याच्या भावापेक्षा स्वस्त होतं. खासगीकरणाच्या विरोधकांनी हे मान्य करायला हवं होतं. फारसं कोणी केलं नाही.

पण मोठ्या जलवाहिन्या बदलायला पैसा नव्हता. गळती हटली नाही, उलट २००६ पर्यंत पश्चिमेतलं बेहिशेबी पाणी दोन तृतीयांशांच्या घरात राहिलं. मार्च २००१ मध्ये मायनिलादने मक्ताशुल्क भरणं बंद केलं. म्हणजे सरकारच्या कर्जाचे हप्ते भरायला सरकारलाच नव्याने पैसे उभे करावे लागले. ऑक्टोबर २००१ मध्ये करारात पहिली दुरुस्ती झाली आणि चलनाचा तोटा लवकर वसूल करायला परवानगी मिळाली. दर भराभर चढले. फ्रीडम फ्रॉम डेट कोअलिशन ही कर्जविरोधी लोकांची आघाडी रस्त्यावर आली. तिचं म्हणणं सरळ होतं: बोली लावताना जोखीम तुमची म्हणालात, मग आता आमची कशी? तरीही कंपनीचं भागेना. डिसेंबर २००२ मध्ये तिने करार सोडत असल्याची नोटीस दिली आणि दोष सरकारचा म्हणून भरपाई मागितली. प्रकरण आंतरराष्ट्रीय लवादाकडे गेलं. नोव्हेंबर २००३ मध्ये लवादाने सांगितलं की करार मोडायचा अधिकार दोघांपैकी कोणालाच नाही. लगेच मायनिलादने पुनर्वसनासाठी न्यायालयात अर्ज केला. १२ कोटी डॉलरची बँक हमी सरकारला वटवता येते की नाही यावर सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडण गेलं.

त्याच २००३ च्या शेवटी तोंडोत जुलाब-वांत्यांची साथ आली. शेकडो लोक आजारी पडले, काही दगावले. कंपनीने चोरजोडण्यांकडे बोट दाखवलं, लोकांनी कंपनीकडे. पाइप कोणाचे, चिरा कोणाच्या, जबाबदारी कोणाची याचा काथ्याकूट बराच झाला. दाब कमी असला की गटार आत येतं, ही गोष्ट गल्लीत सगळ्यांना आधीपासून माहीत होती.

शेवट विचित्र झाला. २००५ मध्ये लोपेझ घराण्याने हात वर केले. थकलेल्या मक्ताशुल्काच्या बदल्यात कंपनीचे ८४ टक्के भाग महामंडळाकडे आले, स्वेझकडे राहिले १६. ज्या सरकारने पाणी विकलं त्याच्याच गळ्यात ते परत पडलं. डिसेंबर २००६ मध्ये सरकारने तेच भाग पुन्हा लिलावाला काढले आणि डीएमसीआय-मेट्रो पॅसिफिक या गटाने ५० कोटी ३९ लाख डॉलर देऊन ते उचलले. खासगीकरणाचं पुन्हा खासगीकरण.

पूर्वेकडे चित्र वेगळं. आयालांनी महामंडळाचेच जुने कर्मचारी ठेवले, विभागाचे लहान लहान तुकडे करून प्रत्येक तुकड्याचं पाणी मोजायची जबाबदारी नेमक्या माणसांवर टाकली. ज्या अभियंत्याला पूर्वी कोणी विचारत नव्हतं त्याला आता रोज सकाळी आपल्या भागातून किती पाणी गळलं हे सांगावं लागे. १९९७ ला साठ टक्क्यांच्या वर असलेली गळती पुढच्या बारा-तेरा वर्षांत ११ टक्क्यांच्या आसपास आली. आशियातल्या पाणी-अभियंत्यांच्या परिषदांत हा आकडा अजूनही आदराने घेतला जातो, आणि घ्यावाही. कर्जाचा डोंगर डोक्यावर नसला की माणसाला पाइपाकडे बघायला फुरसत मिळते, हेही मात्र त्याच परिषदांत सांगायला हवं.

पूर्वेच्या या यशात आयएफसीही सामील झाली. २००३ मध्ये तिने मनिला वॉटरला कर्ज दिलं, २००४ मध्ये दीड कोटी डॉलर घालून भाग घेतले. मार्च २००५ मध्ये कंपनी शेअर बाजारात उतरली. म्हणजे जागतिक बँक समूहाने आधी सरकारी महामंडळाला कर्ज दिलं, मग ते महामंडळ खासगी हातात द्यायचा सल्ला दिला, मग त्या खासगी कंपनीला कर्ज दिलं आणि शेवटी तिचे भागही घेतले. यात बेकायदा काही नाही. गावात सावकार, वकील आणि भागीदार एकच माणूस असला तर गाव कुजबुजतं, एवढंच.

आणि २.३२ पेसोंचं काय झालं? २०१२ मध्ये मनिला वॉटरचा मूळ दर घनमीटरला २४.५७ पेसो होता. पंधरा वर्षांत दहापटीच्या वर. महागाई वजा केली तरी ती बोली बोलीच होती हे कळायला हरकत नाही. दर पाच वर्षांनी दर नव्याने ठरवायची तरतूद करारात होती. कंपन्यांचे जाणकार ती नीट वाचून बोली लावत होते. सामान्य माणसाने वाचला तो फक्त आकडा.

जकार्तामध्ये हाच खेळ त्याच वर्षी, पण निविदेचा देखावासुद्धा न करता झाला. जून १९९७ मध्ये शहर चिलिवुंग नदीच्या काठाने दोन भागांत तोडलं. एक भाग ब्रिटनच्या टेम्स वॉटरला आणि तिच्याबरोबर इंडोनेशियाचे अध्यक्ष सुहार्तो यांच्या थोरल्या मुलाला, दुसरा स्वेझला आणि तिच्याबरोबर सुहार्तोंचे जवळचे उद्योगपती सालिम यांच्या समूहाला. तिथे गोम अशी होती की ग्राहकाने किती भरायचं हे सरकार ठरवणार, पण कंपनीला दर घनमीटरमागे ठरलेली रक्कम मिळणारच. मधली तूट सरकारी पाणीसंस्थेच्या माथी. फेब्रुवारी १९९८ मध्ये काम सुरू झालं, मे महिन्यात सुहार्तो गेले. त्यांचं राज्य बुडालं तरी करार पंचवीस वर्षं टिकला, जानेवारी २०२३ पर्यंत. मुंबईत २००६ च्या सुमारास अंधेरी-जोगेश्वरीच्या के-पूर्व प्रभागात जागतिक बँकेच्या मदतीने बाहेरच्या सल्लागारांकडून पाणीवाटपाचा अभ्यास करवला गेला, तेव्हा नागरिकांच्या संघटनांनी सभेतच हरकत घेऊन तो हाणून पाडला. सावधपणा होता की अकारण भीती, यावर अजूनही दोन मतं आहेत. पाण्याची वेळ मात्र त्या प्रभागात तीच राहिली, तासांत मोजायची.

मनिलात पुढची लढाई बिलातल्या एका ओळीवरून झाली. कंपन्या स्वतःचा आयकर ग्राहकांच्या दरात धरत होत्या. २०१३ मध्ये महामंडळाच्या नियामकाने ते नाकारलं आणि मनिला वॉटरचा मूळ दर २९.४७ टक्क्यांनी उतरवायला सांगितलं. कंपन्या पुन्हा लवादात. नोव्हेंबर २०१९ मध्ये सिंगापूरच्या लवादाने सरकारने मनिला वॉटरला ७३९ कोटी पेसो द्यावेत असा निर्णय दिला. मायनिलादच्या बाजूने ३४० कोटींचा निर्णय आधीच झाला होता. अध्यक्ष दुतेर्ते संतापले. भर सभेत त्यांनी कंपन्यांना तुरुंगाची, लष्कराची भाषा ऐकवली. त्यांची भाषा नेहमीच तशी होती, पण या वेळी लोकही त्यांच्या बाजूने होते, आणि त्याला कारण होतं. त्याच वर्षी मार्चमध्ये पूर्व विभागात, म्हणजे जगाला दाखवायच्या त्या आदर्श विभागात, नळ अचानक कोरडे पडले. आंगाटचं पाणी साठवणाऱ्या ला मेसा धरणाची पातळी एकवीस वर्षांच्या नीचांकावर गेली होती. मध्यमवर्गीय वसाहतींत बायका-पुरुष रंगाचे रिकामे डबे, बादल्या, मुलांचे आंघोळीचे टब घेऊन अग्निशमन दलाच्या बंबासमोर रांगेत उभे होते. काही इस्पितळांनी तातडीचे सोडून बाकी रुग्ण घ्यायचं थांबवलं. आंगाटच्या चारशे कोटी लिटरांत मनिला वॉटरचा रोजचा हिस्सा १६० कोटी लिटर, आणि मागणी त्याच्या पुढे गेलेली. गळती ११ टक्क्यांवर आणली की वाचवायला पाणीच उरत नाही, मग नवा स्रोत लागतो. तो वेळेत उभा राहिला नव्हता. नियामकाने कंपनीवर ११३ कोटी ४० लाख पेसोंचा भार टाकला. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही कंपन्यांना सांडपाण्याची कामं न केल्याबद्दल प्रत्येकी ९२ कोटी पेसोंहून जास्त दंड ठोठावला. बावीस वर्षं सगळे नळाबद्दल भांडत होते, गटाराकडे कोणी ढुंकूनही बघितलं नव्हतं.

डिसेंबरात कंपन्यांनी लवादात जिंकलेले पैसे सोडून दिले. २०२१ मध्ये नवे करार झाले.

आणि नवा स्रोत? सिएरा माद्रे डोंगरात, मनिलाच्या पूर्वेला, कालिवा नदीवर धरण बांधायचं ठरलं. नोव्हेंबर २०१८ मध्ये शी जिनपिंग मनिलात आले तेव्हा त्याच्या कर्जावर सह्या झाल्या. खर्च सुमारे १२२० कोटी पेसो, त्यातले ८५ टक्के चीनच्या एक्झिम बँकेकडून, २१ कोटी डॉलरच्या घरात. ऋणको पुन्हा महामंडळ, हप्ते पुन्हा डॉलरमध्ये.

धरणाच्या पाण्याखाली दुमागात-रेमोन्तादो या आदिवासींची वाडवडिलांची जमीन जाते. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्यांच्यातली सुमारे तीनशे माणसं, त्यात म्हातारेही होते, केसोन प्रांतातल्या जनरल नाकार गावाहून निघून नऊ दिवस दीडशे किलोमीटर चालत मनिलाला आली. कित्येकांच्या पायात रबरी चपला होत्या, काही अनवाणी. रस्त्यात चर्चच्या आवारात, शाळांत मुक्काम करत ती शहरात शिरली, तेव्हा लोकांनी त्यांच्यापुढे केल्या त्या पाण्याच्या बाटल्या होत्या.